आवाज नसल्याची तक्रार

भाडेकरूविरुद्ध घरमालकाच्या तक्रारी काय असतात ते मला तोंडपाठ आहे. नोकरीत माझ्या आठ बदल्या झाल्या, त्यामुळे आठ घरमालक झाले. खुर्ची सरकवता, सकाळी लवकर मिक्सर लावता, तुमच्या मैत्रिणी फार मोठ्याने हसतात. कुंभकोणमच्या घरमालकांनी मात्र माझ्याविरुद्ध पहिली तक्रार केली ती आवाजाची नव्हती. आवाज नसल्याची होती.

त्याचं असं झालं. गावातल्या मेलकावेरी भागात त्यांच्या घराचा वरचा मजला मी घेतला होता. एका रविवारी दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ गळतो म्हणून ते बघायला आले आणि माझ्या उघड्या दारासमोर थबकले. मी लॅपटॉपवर विटा फोडत बसले होते. खाली एक फळी, वर रंगीत विटा, मध्ये उड्या मारणारा चेंडू, एवढाच खेळ. माझ्या कॉलेजच्या दिवसांतला. प्रत्येक बदलीत भांड्यांबरोबर तोही माझ्यासोबत येतो. मध्येच कुठल्यातरी लॅपटॉपवर त्याचा आवाज गेला, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

"बाई," ते दारातूनच म्हणाले, "हें काय म्हणून मुकें?"

मी म्हटलं, जुना खेळ आहे, नव्या मशीनवर आवाज येत नाही, सवय झाली आहे.

"सवय!" मी घरात कुणाला तरी दोरीने बांधून ठेवलंय असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "वीट फुटते, आवाज नाहीं. चेंडू पडतो, आवाज नाहीं. आणि तुम्ही बसून पाहतां! अक्रमम्! शुद्ध अक्रमम्!"

अक्रमम् हा तमिळ शब्द. अन्याय, जुलूम आणि निर्लज्जपणा हे तिन्ही एका दमात म्हणायचे असले की तिकडची माणसं तो वापरतात. आमच्या घरमालकांना, त्रिंबकरावांना, तो दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी लागतो.

कटकट नको म्हणून मी "बघू पुढे कधीतरी" म्हटलं. दहा मिनिटांत स्वारी परत हजर. टाकीचा नळ तसाच गळत होता, पण यांच्या हातात दोन स्पीकर, वायरींचा गुंता आणि स्वतःची उशी होती. माझ्या खुर्चीवर उशी टाकून, न विचारता लॅपटॉप पुढे ओढून ते कामाला लागले आणि लागता लागता मला शिकवूही लागले.

"हा खेळ म्हातारा आहे, बाई. आवाज पाहिजे तर साउंड कार्डास बोलवाचें, इतकेंच त्यास ठाऊक. कार्ड कोठें? दोनशे वीस नंबरच्या दारांत. जाऊन ठोठावतो. नव्या मशीनींत त्या जागीं भिंत आहे. पावम्! ठोठावून ठोठावून दमतो, मग मुकाच खेळतो."

पावम् म्हणजे बिचारा. हा शब्द ते माणसांसाठी कधी वापरत नाहीत.

"मग उपाय काय?"

"नव्या मशीनीस जुनीचें सोंग घ्यावाला लावाचें. आणि सोंगांत एक दार ठेवाचें, दोनशे वीस नंबरचें. मग तो ठोठावतो, हें उघडतें. इतकें सोपें काम! पण कोणी करत नाहीं. काय म्हणून? तर लोकांस सवय जाहली!"

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. दीड तासाने पहिली वीट फुटली आणि टुंग असा आवाज आला. बावीस वर्षांनी ऐकला तो मी. कराडच्या होस्टेलमधली माझी खोली, खिडकीतलं कण्हेरीचं झाड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. डोळे मिटून त्यांनी अख्खा डाव ऐकला, "सरि" म्हणाले, म्हणजे ठीक, आणि उशी उचलून गेले. टाकी पुढे चार दिवस गळत होती.

त्रिंबकराव अडुसष्ट वर्षांचे आहेत. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. पूर्वज तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात आले ते तिकडचेच झाले. उंबऱ्याच्या बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये, आत मराठी. आणि ती मराठीही अशी की मला पहिला महिनाभर बखर वाचतेय असं वाटायचं. मी साताऱ्याची. आपली तेवढी शुद्ध, हा आमच्याकडचा जन्मजात समज. एकदा मी त्यांना सुधारायला गेले. म्हटलं, "'मज' नाही हो म्हणत आता, 'मला' म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळे."

"आम्ही तिनशे वर्षं येथें बसलों, बोली जपून ठेविली. तुम्ही तेथें घरांत बसून बदललां. आणि चूक आमची!" पुढचं काय असणार ते मी सांगत नाही. अक्रमम् दोनदा झालं. तेव्हापासून त्यांची मराठी सुधारायच्या भानगडीत मी पडले नाही.

त्यांचा सगळा राग एका जागी जमा झालेला आहे: मशीन नवं करताना जुन्या खेळांचा आवाज मेला, आणि मारणाऱ्यांना त्याची लाजही नाही. यावर ते कंपन्यांना पत्रं लिहितात. साधीसुधी नव्हेत. पहिल्या परिच्छेदात तांत्रिक दोष, दुसऱ्यात उपाय, तिसऱ्यात शाप. एका कंपनीकडून एकदाच उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ते त्यांनी छापून घेऊन न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवलंय. रोज सकाळी ते वाचलं की दिवसभराचा राग भरून मिळतो, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी फोन केला, तर पलीकडच्या माणसाने विचारलं, सर, तुम्ही नवीन गेम का घेत नाही? त्यावर हे म्हणाले, "तुझी आजी थकली, तर तूं नवी घेतोस काय?" पलीकडचा माणूस फोन ठेवायचं विसरला. हेही ठेवेनात. शेवटी त्यांच्या बहिणीने, अक्काने, येऊन वायर ओढली.

गावात त्यांचे भक्त आहेत. एका दाताच्या डॉक्टरांचा मोटारींच्या शर्यतीचा जुना खेळ आहे. त्यात गाड्या धावत, पण इंजिनं गप्प. दिवसभर लोकांच्या दातांत मशीन फिरवणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी घरघर कशाला हवी, असं मला वाटलं. पण त्रिंबकरावांनी तीन संध्याकाळी खर्चून ती घरघर त्यांना मिळवून दिली. तिरुवलंचुळीला एक गुरुक्कळ आहेत, म्हणजे देवळातले पुजारी. त्यांच्या लॅपटॉपवर धनुर्धाऱ्याचा एक खेळ आहे आणि त्यातला प्रत्येक बाण तोतरा सुटायचा. हे टाऊन बसने, पिशवीत स्पीकर घालून, मांडीवर उशी घेऊन तिकडे गेले. मीही त्या दिवशी पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला निघाले होते, म्हणून सोबत होते. दर्शन माझं एकटीचं झालं. हे थेट गुरुक्कळांच्या ओसरीवर.

"जुन्या मशीनीस एक डोकें होतें," त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं. "अत्तां आठ डोकीं. आठ जणांनी मिळून एक बाण सोडिला तर काय होईल? मी सात जणांस गप्प बसविलें."

पैसे ते घेत नाहीत. अट मात्र एक आहे. आवाज लागला की मालकाने त्यांच्यासमोर बसून खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. त्या गुरुक्कळांच्या सायंपूजेची वेळ झाली, घंटा वाजायला लागली, तरी हे त्यांना सोडेनात. आणखी दोन किल्ले बाकी होते. "बाण चुकाचा आवाज अजून ऐकला नाहीं तुम्ही," हे म्हणाले. गुरुक्कळांनी घाईघाईने एक बाण चुकवला, तो आवाज ऐकला, मान डोलावली आणि सोवळं सांभाळत धावत सुटले.

आणि समोरचा माणूस "आवाज नसला तर काय बिघडतं, खाली अक्षरं येतात ती वाचायची" असं म्हणाला की संपलं. गावातल्या एका कॉम्प्युटर दुकानदाराने हे वाक्य उच्चारलं होतं. चाळिशीचा, चांगला जाणता माणूस. तेव्हापासून त्रिंबकराव त्या रस्त्यानेच जात नाहीत. भाजी आणायला लांबून वळसा घालतात.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. गोदाक्का त्यांची थोरली बहीण, पंचाहत्तरीची. आई लवकर गेली, तिनेच यांना वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि तिचा आवाज गल्लीत प्रसिद्ध होता. समोरच्या घरातल्या मामी सांगतात, गोदाक्काने घरात पाढे म्हणून घेतले की नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना ते पाठ व्हायचे. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. मी तिकडे गेले तेव्हा ती गळ्याशी पांढरं फडकं बांधून आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेली असायची. खुर्चीच्या हाताला पाटी टांगलेली. सांगायचं ते खडूने लिहायची. माझ्यासाठी बाळबोधीत, मोलकरणीसाठी तमिळमध्ये, आणि भावासाठी बहुतेक काहीच नाही. पाटीवर खडू दोनदा आपटला की तिला काय म्हणायचंय ते त्यांना कळायचं.

ओसरीवर एक जुनं मशीन होतं. पिवळट पडलेलं, ट्रंकेएवढं. आयुधपूजेला त्याला चंदन-कुंकू लागायचं, हार पडायचा. त्यावर दुपारी चहाच्या आधी त्रिंबकराव एकच खेळ खेळत. एक मांजर कौलांवरून धावते, फटींवरून उड्या मारते, दुधाच्या लोट्या गोळा करते. मी बँकेत असायची, त्यामुळे तो खेळ मी कधी ऐकला नव्हता. सुटीच्या दिवशी वरून पायऱ्या उतरताना एवढंच दिसायचं की हे खेळतायत आणि शेजारी अक्काची खुर्ची.

दिवाळीनंतरच्या पावसात एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि ते मशीन मेलं. आतली डिस्क वाचली. डिस्कवरचा मांजरीचा खेळ त्यांनी नव्या मशीनवर चढवला. मांजर धावायला लागली, पण आवाज नीट लागेना. पहिल्या आठवड्यात मी हसले. दाताच्या डॉक्टरांच्या मोटारी बोलत्या करणारा माणूस, एक मांजर काय! दोन महिने गेले तरी ती मांजर त्यांच्या ताब्यात येईना. सगळ्या गल्लीला आवाज ऐकवणारा हा माणूस कानांवर हेडफोन चढवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या एका खेळापुढे बसायला लागला. डॉक्टर एकदा दारात आले, त्यांना वळूनही पाहिलं नाही. पत्रं बंद झाली. अक्रमम् बंद झालं.

अक्काची खुर्ची ओसरीवर यायची बंद झाली. ती आतच बसायची, भिंतीकडे तोंड करून. जेवण अर्धं टाकायची. मोलकरीण मला खुणेने ताट दाखवायची.

मी रागीट आहे. माझी आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, शिंक आली तरी पडेल. जानेवारीत, पोंगलच्या सुटीच्या शेवटच्या दिवशी, मी पायऱ्या उतरले. आत अक्का भिंतीकडे बघत होती आणि बाहेर हे हेडफोन लावून मांजर उडवत होते. माझं डोकं फिरलं. मी जाऊन त्यांच्या कानांवरचे हेडफोन उचलले.

"त्रिंबकराव, हे शोभतं का तुम्हाला? जगातल्या खेळांना आवाज देत फिरता. गाड्यांना देता, बाणांना देता. घरात सख्खी बहीण मुकी बसली आहे, तिच्याशी दोन शब्द बोलायला तुम्हाला फुरसत नाही. दोन महिने झाले, ती जेवत नाही धड. आणि तुम्हाला पडलंय काय, तर मांजर ओरडत नाही याचं!"

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. मी पुढची वाक्यंही तयार ठेवली होती. त्यांनी हेडफोन माझ्या हातातून घेतले, त्यांची वायर हळूहळू गुंडाळली आणि खाली ठेवले. मग म्हणाले, "बसा, बाई. माझ्याने होत नाहीं. तुम्ही ऐका."

मी बसले. रागातच बसले. त्यांनी स्पीकर लावले. मांजरीची पावलं कौलांवर टपटप वाजली. लोटी उचलली की घंटी वाजली. सगळं व्यवस्थित होतं.

"येतोय की आवाज!"

"सगळे येतात. चार येत नाहींत." त्यांनी मांजर फटीत पाडली. मांजर नुसती खाली गेली, काही वाजलं नाही. "हा एक. डाव सुरू होतो तो एक. जिंकलें की एक. फार वेळ बसलें की एक. हे चार कंपनीचे नव्हत. मीं घातलेले. पंचवीस वर्षं जाहलीं. लहानसा प्रोग्राम लिहून आंत बसविला. वही वाळवीने खाल्ली."

"मग?"

"मग काय? खेळाचे आवाज दोनशे वीस नंबरचें दार ठोठावतात, दार उघडतें. माझा प्रोग्राम तोही दोनशे वीसच ठोठावतो. मींच लिहिला. तरी गप्प! वेग पाहिला, मेमरी पाहिली, सगळें पाहिलें. दोनशे वीस, दोनशे वीस—"

आतून पाटीवर खडू आपटल्याचा आवाज आला. टक टक. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. अक्का भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापाशी आली होती. दोन महिने हे त्या खेळाबद्दल चकार शब्द तोंडातून काढत नव्हते, आपल्याला जमत नाही हे तिला कळू नये म्हणून. त्यामुळे हे नेमकं काय शोधतायत ते तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं होतं. तिने पाटी आमच्याकडे केली. तिच्यावर लिहिलं होतं: २ + २ + ० = ४.

मी म्हटलं, "बरोबर आहे." गणिताच्या बाईंना आणखी काय म्हणणार?

तिने माझ्याकडे बघितलं, त्यात मला माझ्या शाळेतल्या सगळ्या इयत्ता आठवल्या. तिने पाटी पुसली आणि दुसरं लिहिलं: २ + ४ + ० = ६.

त्रिंबकरावांचे कान लाल झाले. मी एवढा प्रौढ माणूस कानांपर्यंत लाल होताना कधी पाहिलेला नाही. ते उठले, मेलेल्या मशीनचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं, आत वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काय आहे?"

"दोनशे चाळीस," ते आतूनच म्हणाले.

प्रकरण असं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी कार्ड आणलं तेव्हा डब्यावर लिहिलं होतं, दोनशे वीस. अक्काने बेरीज केली. चार आले. चार हा राहूचा आकडा. राहूच्या दारातून घरात आवाज येऊ द्यायचा नाही, असं तिने ठणकावलं. सहा चालेल, सहा शुक्राचा, गाण्या-बजावण्याला बरा. हे भांडले. मी विज्ञानाचा माणूस, पोरांना शिकवतो, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. अक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी यांनी गुपचूप कार्डावरची दाराचा नंबर ठरवणारी टिकली उपटून दोनशे चाळीसवर बसवली, तोच आकडा प्रोग्रामात कोरला, आणि या गोष्टीची त्यांना इतकी शरम वाटली की ती ते साफ विसरून गेले. सगळ्या गावाला "आधीं झाकण उघडून पाहा" म्हणून ओरडणाऱ्या या माणसाने स्वतःचं झाकण दोन महिने उघडलं नव्हतं. उघडायचं काय? दोनशे वीसच असणार!

मला हसू आवरेना. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. नव्या मशीनवरच्या सोंगात त्यांनी दाराचा नंबर बदलला, खेळालाही तोच सांगितला. घाईत दोनदा चुकले. मग डाव सुरू केला.

"बैस नीट! पाठ सरळ!"

मी दचकून दाराकडे बघितलं. कोण आलं म्हणून. बाईचा आवाज होता, खणखणीत, ओसरीच्या तुळयांना लागून परत येणारा. दारात कुणी नव्हतं. मांजर धावली, पहिल्याच फटीत पडली, आणि तोच आवाज कडाडला:

"डोळे कोठें ठेविलेस रे, तिंबू? कपाळावर?"

मग माझं लक्ष अक्काकडे गेलं. ती उंबऱ्यावर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द. डोळे कोठें ठेविलेस रे, तिंबू. गळ्यावरचं फडकं हलत होतं आणि आवाज तिथून येत नव्हता, स्पीकरमधून येत होता.

मी मघाशी जे बोलले होते ते एकेक करून मला आठवायला लागलं. सख्खी बहीण मुकी बसली आहे. दोन शब्द बोलायला फुरसत नाही. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं.

त्रिंबकराव अक्काची खुर्ची आणायला आत गेले, ती शेजारी मांडली, तिला बसवलं. मग स्वतःच सांगायला लागले. नवं कार्ड आलं तेव्हा माईक तपासायला त्यांनी तिला काहीतरी बोल म्हटलं. या डबड्याशी मी काय बोलूं, म्हणून ती यांच्यावरच ओरडली. तेवढं त्यांनी पकडून खेळात घातलं. ती चिडली, आणि मग रोज दुपारी शेजारी येऊन बसायला लागली.

मला एक विचारल्यावाचून राहवेना. "त्रिंबकराव, डिस्कवर ते आवाज होतेच ना? नुसते वाजवले असते तरी ऐकू आले असते."

"वाजविले. दुसऱ्याच दिवशीं. अक्काने हात केला, बंद कर म्हणून." ते पडद्याकडे बघत होते. "मज कळलें. तसें वाजविलें तर ती मीं बटन दाबतों म्हणून बोलते. हें काय बोलणें? खेळांत मीं चुकलों की ती ओरडते. तिचें तिला ठाऊक, कधीं ओरडाचें."

अक्काने खडू आपटला. पुरे झालं बोलणं, खेळ.

ते खेळायला लागले. मांजर धावली आणि पहिल्या फटीत पडली. डोळे कोठें ठेविलेस रे. पुन्हा सुरू. पुन्हा पहिल्या फटीत. अक्काचे खांदे हलायला लागले, ती हसत होती. डोळे कोठें ठेविलेस. ती फट वीतभर होती, मीसुद्धा ती डोळे मिटून ओलांडली असती. हा माणूस पंचवीस वर्षं रोज तो खेळ खेळत होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, भलत्याच रागात होते. मांजर पुन्हा पडली.

अक्काने हळूच पाटी मांडीवर घेतली, काहीतरी लिहिलं आणि त्यांना दिसणार नाही अशी माझ्याकडे कलती केली. 'मुद्दाम पाडतो.'

मी वाचलं. तिने पाटी तळहाताने पुसली, त्यांच्या खांद्यावर खडूचं बोट ठेवलं आणि पडद्याकडे खूण केली. परत.